फादर स्टीफन्स यांचे कूळ

आदिलाबादेहून गोवे दूर खरे. तरी ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचणारे फादर थॉमस स्टीफन्स आम्हांस परके वाटत नाहीत. १५७९ साली गोव्यास आलेल्या या इंग्रजाचे घराणे कोणते? जुन्या ग्रंथांत त्यांचे ‘बुस्तेन’ असेही नाव आढळते. हे नाव मोठे फसवे! ते कुळाचे नसून विल्टशायर परगण्यातील बुश्टन या गावावरून पडले असावे, असे अभ्यासक मानतात. आपल्याकडे ‘नांदेडकर’ होतात, तसेच. पित्याचा पत्ता मात्र एका पत्राने लागतो. १० नोव्हेंबर १५७९ रोजी गोव्याहून लिहिलेले ते पत्र हॅक्लुट याने १५८९ साली छापले. पित्याचेही नाव थॉमसच! पत्रात समुद्रप्रवासाची हकिकत फार, घरची विचारपूस थोडी. त्यामुळे कुळाचा शोध घेणाराची निराशा होते.