हाड आणि स्नायू : एक जोडी

तंजावरच्या बाजारात मातीची एक बाहुली मिळते. तिला बोटाने ढकलले असता ती कलते, डोलते आणि पुन्हा ताठ उभी राहते. तिचा तळ गोल असून सारा भार त्या तळाशी एकवटलेला असतो. मनुष्यदेहाची रचना याच्या नेमकी उलट आहे. डोके आणि धड यांचा मोठा भार वर, आणि आधार मात्र दोन लहान पावलांचा. तरीही आपण पडत नाही. कारण पाय, नितंब आणि पाठ यांचे स्नायू क्षणोक्षणी तोल सावरीत असतात. हे स्नायू क्षीण झाले, म्हणजे वृद्ध मनुष्य उंबऱ्याला अडखळून पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. खुब्याचे दहांपैकी नऊंहून अधिक अस्थिभंग पडण्यामुळे होतात. म्हणून केवळ हाड तपासून या दुखण्याचा उलगडा होत नाही.

प्राचीनांनी हा संबंध जाणला होता. सुश्रुतसंहितेत 300 अस्थी आणि 500 पेशी, म्हणजे आजच्या भाषेतील स्नायू, सांगितल्या आहेत. आणि पेशींनी वेढलेली असल्यामुळेच हाडे व सांधे बलवान होतात, असेही म्हटले आहे. पुढे तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (1798–1832) यांच्या धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यक शेजारी शेजारी नांदले. मात्र 1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि चित्रात हाड स्पष्ट, तर स्नायू अंधुक दिसू लागला. जे दिसते त्याचा अभ्यास वाढतो. त्यामुळे हाडाचे शास्त्र पुढे गेले आणि स्नायू मागे राहिला.

आता या जोडीचे कार्य पाहू. समजा, आपण एका पायावर उभे आहोत. खुब्याचा सांधा हा तराजूचा टेकू होय. शरीराचा भार टेकूपासून दूर एका बाजूस असतो, तर त्याला तोलून धरणारे नितंबाचे स्नायू दुसऱ्या बाजूस, टेकूच्या अगदी जवळ असतात. त्यामुळे त्यांना पुष्कळ अधिक जोर लावावा लागतो आणि सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. यावरून दिसेल की, हाडावरील मोठा भार केवळ वजनाचा नसून स्नायूंच्या ओढीचाही असतो.

हा भार हाडाला घडवितो. जर्मन शस्त्रवैद्य यूलिउस वोल्फ यांनी 1892 मध्ये हे तत्त्व मांडले; 1987 मध्ये अमेरिकन अस्थितज्ज्ञ हॅरोल्ड फ्रॉस्ट यांनी त्याला नियंत्रक यंत्रणेचे रूप दिले. भार वाढला की हाड भरते, घटला की झिजते. टेनिसपटूंच्या खेळत्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या दंडाहून जाड आढळते. पोलिओने पांगळ्या झालेल्या पायाचे हाड बारीक राहते. अवकाशात राहणाऱ्या यात्रिकांच्या खुब्याचे हाड महिन्याला सुमारे 1 ते 1.5 टक्का घटते.

तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्याचे स्नायू क्षीण त्याचे हाडही विरळ आढळले, एवढ्यावरून एकामुळेच दुसरे घडले असे ठरत नाही. वय, हालचालीचा अभाव, प्रथिने व ड जीवनसत्त्व यांची उणीव आणि अंतःस्रावांतील बदल ही कारणे दोहोंवरही परिणाम करतात. म्हणून त्याच व्यक्तीची हाडे आणि स्नायू यांचे मापन एकत्र आणि काही वर्षे पुनःपुन्हा करावे लागते.

त्यासाठी नेहमीच मोठी यंत्रे लागतात असे नाही. अस्थिघनता मोजण्यास यंत्र हवे. पण हाताची पकड साध्या उपकरणाने मोजता येते. आशियातील तज्ज्ञांनी 2019 मध्ये पुरुषांसाठी 28 किलोग्रॅम आणि स्त्रियांसाठी 18 किलोग्रॅम या पातळीखालील पकड दुर्बल मानली. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठण्यास किती सेकंद लागतात, हेही खेड्यातील आरोग्यकेंद्रात पाहता येते.

औषधाने हाडाची घनता वाढेल. परंतु अडखळलेला पाय सावरण्याची शक्ती स्नायूलाच कमवावी लागते. बाहुलीला तिचा तोल कारागीर देतो. मनुष्याला तो व्यायामाने आणि सकस आहाराने जन्मभर राखावा लागतो.