माकडताप : रानाच्या काठावरचा आजार



नाताळ झाला की काजूला मोहर येतो. मग बिया गोळा करणे, लाकूडफाटा आणणे, भाजावळीसाठी पातेरा झाडून नेणे अशी कामे पावसाच्या तोंडापर्यंत चालतात. रानात आपला वावर याच महिन्यांत जास्त असतो आणि माकडतापाचा हंगामही हाच. खानापूर, दोडामार्ग, सत्तरी या भागांतील प्रत्येक घराने या तापाची माहिती करून घेणे जरूर आहे.

हा आजार प्रथम 1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या जंगलाजवळ ओळखला गेला. जंगलात माकडे मरून पडत होती आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने आजारी पडत होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी या तापाचा विषाणू शोधून काढला. अनेक वर्षे हा आजार कर्नाटकापुरताच होता. पुढे 2015 साली गोव्यातील सत्तरीत आणि 2016 साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. काजूच्या बागांत राबणाऱ्या मजुरांनाही त्याची लागण झाली.

रोग येतो कोठून?

नाव माकडताप असले तरी माणसाला तो लागतो गोचिडीच्या चाव्याने. रानातील उंदीर, घुशी, खारी यांच्या अंगावर गोचिडीची पिल्ले वाढतात आणि विषाणू त्यांच्यात फिरत राहतो. वानर व माकड यांना तो सोसत नाही, ती मरतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून आसपासच्या पातेऱ्यात पसरतात. तेथे आपण अनवाणी गेलो किंवा विसावा घ्यायला बसलो, की त्या आपल्याला चिकटतात. म्हणून माकडांना मारून हा रोग हटणार नाही. मेलेले माकड ही आपल्याला मिळालेली पहिली सूचना समजावी.

यात आपल्या गुरांचाही भाग आहे. गुरांना हा ताप येत नाही. पण मोठ्या गोचिडी गुरांच्या रक्तावर पोसतात आणि मग एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते. जंगल तोडून शेती झाली, उरलेल्या रानात गुरे चरू लागली, मोकळ्या जागी घाणेरीची झुडपे माजली. गोचिडीला अन्न आणि आसरा दोन्ही मिळाले. रान आणि गोठा असे एकमेकांना जोडले गेले, तेथे रोगाला वाट सापडली.

पावसाळ्यात मोठ्या गोचिडी दिसतात. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत त्यांची तिळाएवढी पोरे पातेऱ्यात असतात. माणसाला चावतात ती बहुधा हीच, आणि बारीक असल्याने पटकन लक्षात येत नाहीत.

लक्षणे

चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप येतो. कपाळ ठणकते, अंग मोडून येते, उलट्या होतात. काहींच्या नाकातून वा हिरड्यांतून रक्त येते. काही रोग्यांना बरे वाटल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप भरतो, मान आखडते, हातपाय थरथरतात. शंभर रोग्यांत सुमारे तीन ते पाच दगावतात.

या विषाणूवर खास औषध नाही. पण वेळीच दवाखान्यात नेल्यास सलाइन व योग्य देखभालीने बहुतेक रोगी बरे होतात. रानात गेल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे. दुकानातून आणून अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या घेऊ नयेत, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. माणसापासून माणसाला हा रोग लागत नाही, तेव्हा रोग्याला वाळीत टाकण्याचे कारण नाही. जुनी लस पुरेशी परिणामकारक न ठरल्याने थांबवण्यात आली. म्हणून सारी भिस्त खबरदारीवर आहे.

काय करावे?

1. रानात जाताना अंगभर कपडे व बूट घालावेत. विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत.
2. आरोग्य केंद्रातून गोचीड दूर ठेवणारे तेल मिळत असल्यास हातापायांना लावून जावे.
3. पातेऱ्यावर बसू वा झोपू नये.
4. घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकावेत आणि साबण लावून आंघोळ करावी. काखा, जांघा, कानांमागे नीट पाहावे. गोचीड दिसल्यास चिमट्याने हळूच ओढून काढावी, बोटांनी चिरडू नये.
5. साथीच्या भागातील पातेरा गोठ्यात अंथरण्यासाठी किंवा खतासाठी आणू नये.
6. पशुवैद्याच्या सल्ल्याने गुरांवरील गोचिडींवर औषध करावे.
7. मेलेल्या माकडाला हात लावू नये, जवळही जाऊ नये. पंचायत, वनखाते किंवा आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे.

शेवटी बागाईतदारांना एक सांगणे. बिया वेचायला येणारे मजूर पुष्कळदा परगावचे असतात. त्यांना या रोगाची माहिती नसते आणि पायांत बूटही नसतात. मजुरीबरोबर बूट, तेल आणि संध्याकाळी आंघोळीला गरम पाणी देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ताप आलेला मजूर काम सोडून गावी निघाला, तर त्याला एकटे न धाडता आधी आरोग्य केंद्रात न्यावे.