मोत्याचं चित्र

सोनू,

बाबांच्या वाढदिवसाला तुमच्या कुत्र्याचं, मोत्याचं, हातानं रंगवलेलं चित्र द्यायचं तुझ्या मनात आहे, असं आईकडून कळलं. फार छान सुचलं तुला. चित्रकाराकडे जाण्याआधी मात्र एवढं वाच.

राणी व्हिक्टोरियाने १८४१च्या नाताळात नवऱ्याला, प्रिन्स अल्बर्टला, असंच चित्र भेट दिलं होतं. त्याची लाडकी कुत्री इऑस, जर्मनीहून त्याच्याबरोबर आलेली काळी ग्रेहाउंड. रंगवलं एडविन लँडसीअरने. चित्रात अल्बर्ट कुठेच नाही. त्याची उंच हॅट, हातमोजे आणि काठी आहे, अन् शेजारी मान वर करून उभी इऑस. आता हा येणार, फिरायला नेणार, एवढंच तिच्या अंगात भरलेलं.

व्हिक्टोरियाचा मुलगा सातवा एडवर्ड १९१०मध्ये वारला, तेव्हा त्याचा फॉक्स टेरियर सीझर अंत्ययात्रेत शवपेटीमागून चालला. मॉड अर्ल या चित्रकर्तीने त्याला रंगवलं ते राजाच्या रिकाम्या खुर्चीवर हनुवटी टेकलेला. खुर्ची काढून टाकली, तर उरेल फक्त एक गोड कुत्रा. असे कुत्रे कॅलेंडरवरही असतात.

आता फोटोचं. बहुतेक चित्रकार फोटोवरूनच काम करतात, म्हणून चांगला फोटो ही तुझी जबाबदारी. उभ्याने वरून काढलास तर डोकं मोठं आणि पाय आखूड येतात. जमिनीवर बस, मोबाइल त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर धर. फ्लॅश नको, डोळे चकाकतात. सकाळी खिडकीशी बसव. फिल्टर तर नकोच. नाकाभोवतीचे पिकलेले केस, मुडपलेला कान, सगळं चित्रकाराला लिहून कळव आणि काहीही पुसायला सांगू नकोस.

तुझ्या आजीने तिची मांजर मनी गेल्यावर तिचं चित्र करून घेतलं होतं. हाताशी एकच अंधुक फोटो. डोळे पिवळे झाले; मनीचे हिरवे होते. आजी त्या चित्राकडे बघायचीच नाही. मोत्या आज समोर आहे, चित्रकाराला घरी बोलावता येतं, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

पेन्सिलचं कच्चं रेखाटन आधी मागून घे, चूक तिथेच सुधारते. चित्र खरंच हाताचं, की छापील फोटोवर ब्रश फिरवलेला, हे स्पष्ट विचार. तैलरंग वाळायला वेळ घेतात, तेव्हा काही महिने आधी सांग. जलरंग असेल तर काचेची फ्रेम हवीच, आणि पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळ.

संध्याकाळी बाबांची यायची वेळ झाली की मोत्या दाराशी जाऊन बसतो ना? तेव्हाचा फोटो काढ. बाबांच्या जुन्या चपला चौकटीत येऊ देत.

तुझी,
मावशी