तुरुंगात कोण राहतं? (इयत्ता आठवी-नववीसाठी एक पाठ)



न्यायव्यवस्थेचा पाठ शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर एक प्रश्न लिहिते, "तुरुंगात कोण राहतं?" वर्ग एका सुरात ओरडतो, "गुन्हेगार!" यंदा एक मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, माझे पप्पा पण असतात तिथे, बारा-बारा तास." त्याचे वडील कारागृह शिपाई आहेत. वर्ग हसला. मला हसू आलं नाही. कारण त्याच वर्गातल्या आणखी एका मुलाचे वडील तिथेच आहेत, पण गजांच्या पलीकडे. हे फक्त मला ठाऊक होतं. त्या दिवशीचा पाठ बाजूला ठेवला आणि दोन तासिका या प्रश्नाला दिल्या. काय घेतलं ते इथे लिहिते, तुम्हालाही वापरता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे 'कच्चा कैदी' आणि 'पक्का कैदी' हा फरक. ज्याचा गुन्हा कोर्टात सिद्ध होऊन शिक्षा झाली तो पक्का. ज्याचा खटला अजून चालू आहे तो कच्चा, कागदोपत्री 'न्यायाधीन बंदी'. मग गणिताच्या वहीत आकडे लिहून घेतले. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या माहितीनुसार 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांची क्षमता 4,36,266 होती आणि आत माणसं होती 5,73,220. त्यातले कच्चे कैदी 4,34,302. टक्केवारी मुलांनीच काढली. शंभर जणांच्या जागेत 131 माणसं, आणि दर चार कैद्यांमागे तीन कच्चे! वर्ग एकदम गप्प झाला. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे फळ्यावरचं उत्तर चुकलं." चुकलंच होतं. कोर्टाने दोषी ठरवेपर्यंत माणूस निर्दोष मानायचा, हे आपण शिकवतो आणि कैदी म्हटलं की स्वतःच विसरतो.

मग ही माणसं आत का राहतात? बऱ्याच जणांना जामीन मिळतो, पण जामीनदार मिळत नाही. हातमजुरी करणाऱ्याने सातबारा असलेला माणूस आणायचा कुठून? कधी कोर्टाच्या तारखेला न्यायला पोलीस पार्टीच नसते, मग पुढची तारीख. पालकहो, कुणाच्या घरातला कमावता माणूस असा सहा महिने आत राहिला, तर सर्वात आधी मुलाची शाळा सुटते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता गजांच्या अलीकडच्या माणसाकडे या. केंद्राच्या 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीत सहा कैद्यांमागे एक रक्षक असावा असं म्हटलंय. प्रत्यक्षात देशभरात मंजूर पदांपैकी तीसेक टक्के पदं रिकामी आहेत. (तुरुंग हा विषय राज्यसूचीतला, म्हणजे भरती राज्यांनी करायची. हा मुद्दा परीक्षेलाही येतो, लिहून घ्यायला सांगा.) जागा भरल्या नाहीत म्हणून काम थांबत नाही. सकाळी बराकी उघडायच्या, मोजणी करायची, संध्याकाळी पुन्हा मोजून बंद करायच्या. मुलाखतीची रांग, आजारी कैद्याला दवाखान्यात नेणं, भांडणं सोडवणं, रात्रपाळी. एक डोकं कमी भरलं की पुन्हा पहिल्यापासून मोजणी, तोवर ड्युटी संपलेल्या शिपायालाही घरी जाता येत नाही. त्यात कोण कधी जीवाचं बरंवाईट करून घेईल याची धास्ती. तसं झालं तर चौकशी त्या रात्री पहाऱ्यावर असलेल्याची आधी होते. पोलिसाच्या मुलाला वर्गात भाव मिळतो. जेल शिपायाच्या मुलाला चिडवतात, "तुझे पप्पा जेलमध्ये!"

इथे एक मुद्दा नीट समजावून द्या, नाहीतर मुलं कैदी विरुद्ध शिपाई असा वाद घालत बसतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, याआधी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडावं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही, आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तरीही नाही. मुदत भरली की कोर्टाला अर्ज करायची जबाबदारी कारागृह अधीक्षकाची. आता मुलांना विचारा, हजारो कैद्यांच्या मुदती मोजून अर्ज कोण लिहिणार? त्याच ऑफिसमधली मोजकी माणसं. माणसं कमी म्हणून अर्ज रखडणार, अर्ज रखडले म्हणून बराक भरलेली राहणार, आणि बराक भरलेली म्हणून शिपायाची ड्युटी वाढणार. आमच्या वर्गाने याचं गोल चित्र काढलं. बाण कुठून सुरू करायचा यावरून बराच गोंधळ झाला.

"दुसरा काही उपाय नाही का?" असं कुणीतरी विचारतंच. तेव्हा आपल्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरबद्दल सांगा. औंध संस्थानात 1939 साली सुरू झालेली ही खुली वसाहत. भिंती नाहीत, कैदी शेती करतात, कुटुंबासह राहतात. व्ही. शांताराम यांचा 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' याच प्रयोगावरून सुचला. पण खुल्या कारागृहात निवडक पक्के कैदी जातात. कच्च्यांच्या गर्दीवर त्याचा उपयोग नाही, हेही सांगायला विसरू नका.

एक सूचना मात्र मनापासून. हा पाठ घेताना "कुणाच्या घरचं कोणी जेलमध्ये आहे का?" असं चुकूनही विचारू नका. माझ्या वर्गातला तो दुसरा मुलगा दोन्ही तासिका काहीच बोलला नाही. महिन्यातून एखादा दिवस तो गैरहजर असतो, आईबरोबर मुलाखतीला जातो. त्या दिवसाचा खुलासा मी त्याच्याकडे मागत नाही, राहिलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत करून घेते. आणि शिपायाच्या मुलाच्या वडिलांना पालकसभेची तारीख आता पंधरा दिवस आधी कळवते, म्हणजे त्यांना ड्युटी बदलून घेता येते. गेल्या सभेला ते आले होते, रात्रपाळी करून थेट, खाकीतच.