गंगई की बुरशीमाशी? औषध आणण्याआधी पोंगा चिरून पाहा

रोवणी उरकत आली, आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही, आणि संध्याकाळी दिवा लावला की त्याच्याभोवती डासांसारख्या बारीक माश्या घिरट्या घालू लागतात. बालाघाट जिल्ह्यात, चंदन नदीकाठच्या रामपायलीत, वारासिवनीच्या पट्ट्यात, हे दर पावसाळ्यात दिसते. इकडचा शेतकरी म्हणतो, गंगई आली. सीमेपलीकडे गोंदिया-भंडाऱ्यात तिलाच गादमाशी म्हणतात. दोन्ही नावे एकाच किडीची आहेत. गोंधळ होतो तो वेगळाच. दिव्यावर आलेली, पऱ्ह्यांवर उडणारी, तणसाच्या ढिगातून उठणारी प्रत्येक बारीक माशी गंगईच समजली जाते आणि फवारणीचा पंप बाहेर निघतो. त्या थव्यात निरुपद्रवी माश्याही असतात, आणि खरी गंगई तर फवाऱ्याला सापडतच नाही.

एकाच घराण्यातली भावंडे

कीटकशास्त्रात या माश्यांचे एक मोठे घराणे आहे, सायरॉइडिया. लांब मण्यांच्या मिशा, काड्यांसारखे पाय आणि नाजूक अंग ही त्यांची घरची ठेवण. त्यातली एक शाखा बुरशीमाश्यांची, म्हणजे फंगस नॅटची. तिची पिल्ले ओलसर जागी कुजका पाला, शेणखत आणि बुरशी खाऊन वाढतात. बहुतेक जाती कुणाचे काही बिघडवत नाहीत. त्यातल्या सायरिड कुळातल्या ब्रॅडिसिया आणि लायकोरिएला या वंशांतल्या काही जाती मात्र कीड ठरल्या आहेत. पहिल्या वंशातल्या रोपवाटिकेत कोवळी मुळे कुरतडतात, दुसऱ्यातल्या अळिंबीच्या खोलीत शिरतात.

दुसरी शाखा सेसिडोमाइड, म्हणजे गाठी करणाऱ्या माश्यांची. धानाची गंगई, ज्वारीची मिजमाशी आणि जवसाच्या कळ्या पोखरणारी गादमाशी या तिघी याच कुळातल्या. बुरशीमाशीची अळी झाडाभोवतीच्या मातीत राहते, गंगईची अळी झाडाच्या पोटात. दोघींचा उपायही म्हणूनच वेगळा.

गंगईची पहिली नोंद १८८० मध्ये बिहारच्या मुंगेर भागातून झाली. १८८९ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या वुड-मेसन यांनी तिला शास्त्रीय नाव दिले. आज ती ओर्सिओलिया ओरायझी म्हणून ओळखली जाते.

माशी कशी ओळखावी

दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग खिशात असले की पुरे. रात्री दिव्याखाली पांढरा कागद ठेवा आणि पडलेल्या माश्या एकेक करून पाहा.

*गंगई*: डासाएवढी, तीन ते चार मिलिमीटर. मादीचे पोट नारिंगी-लालसर, नर लहान आणि पिवळट-तपकिरी. पंखावर शिरा मोजक्याच. तोंडाला सोंड नाही.

*बुरशीमाशी (सायरिड)*: काळपट, पंख धुरकट. पंखाच्या मध्यावर गलोलीच्या बेचक्यासारखी दुभंगलेली शीर दिसते, ही तिची पक्की खूण. उडणे दुबळे. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर ती चालताना जास्त दिसते.

*कायरोनोमिड*: डासासारखीच, पण चावत नाही. नराच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार. बांधीतल्या चिखलात सापडणाऱ्या लालभडक अळ्या बहुधा हिच्याच. त्या माशांचे खाद्य आहेत. त्यांना हात लावू नका.

*शेवाळमाशी*: अंगाने आखूड घरमाशीसारखी, मिशा अगदी छोट्या, करड्या पंखांवर पांढुरके ठिपके. पाणी साचून शेवाळ धरलेल्या जागी आढळते.

*डास*: लांब सोंड आणि पंखांच्या शिरांवर खवले.

खरी ओळख अळीत

प्रौढ माशी दोन-चार दिवसांची पाहुणी. नुकसान करते ती अळी, म्हणून निर्णयही अळी पाहूनच घ्यावा. बुरशीमाशीची अळी पांढुरकी, काचेसारखी पारदर्शक, पाच-सहा मिलिमीटर लांब असते आणि तिला चकचकीत काळे डोके असते. गंगईच्या अळीला असे काळे डोके दिसत नाही. ती फिकट असते आणि फुटव्याच्या आत, वाढीच्या कोंबापाशी बसलेली सापडते. काळे डोके आणि जागा माती, तर बुरशीमाशी. काळे डोके नाही आणि जागा फुटव्याच्या आत, तर गंगई. एवढे लक्षात ठेवले तरी अर्धी चूक टळते.

गंगईची मादी शे-दोनशे अंडी पानाच्या खालच्या बाजूला किंवा खोडाजवळ घालते. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि पानाच्या आवरणामधून सरकत कोंबाशी पोहोचते. तिच्यामुळे कोंबाचे पान न होता कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी होते. हाच चंदेरी पोंगा. त्या फुटव्याला लोंबी येत नाही. एक पिढी साधारण दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते. कोष नळीच्या टोकापर्यंत सरकतो, भोक पाडतो आणि माशी उडून जाते. टोकावर कोषाची रिकामी साल लटकत राहते.

पोंगा बाहेर दिसतो तेव्हा अळीचे काम बरेच झालेले असते. टोकाला साल लटकलेल्या पोंग्यावर औषध मारणे म्हणजे चोर पळाल्यावर दाराला कुलूप लावणे.

बांधीत काय पाहाल

रोवणीनंतर आठवड्यातून एकदा बांधीत तिरकस चाला आणि वेगवेगळ्या जागचे २० चूड तपासा. एकूण फुटवे आणि त्यातले पोंगे मोजा. शंभर फुटव्यांत पाच पोंगे, किंवा जिथे कीड दरवर्षी येते तिथे चौरस मीटरला एक पोंगा, ही नुकसानीची पातळी धरतात. लोंबी पोटात धरली की नवीन पोंगे होत नाहीत. त्यानंतर या किडीसाठी खर्च करू नका.

मग दहा-पंधरा पोंगे उपटून नखाने उभे चिरा. आत तीनपैकी काहीतरी दिसेल.

एक, आत जिवंत फिकट अळी. म्हणजे कीड चालू आहे.

दोन, नळी रिकामी, टोकाला भोक. पिढी उडून गेली. औषधाचा उपयोग नाही, पुढच्या पिढीवर नजर ठेवा.

तीन, अळी फुगून दाण्यांची पुरचुंडी झाल्यासारखी. हे प्लॅटिगॅस्टर ओरायझी या काळ्या, टाचणीच्या टोकाएवढ्या गांधीलमाशीचे काम. ती गंगईच्या अंड्यात आपले अंडे घालते आणि पुढे त्या एकाच अळीत तिची डझनावारी पिल्ले वाढतात. तो फुटवा गेला, पण गंगईची पुढची पिढी तिथेच संपली. असे पोंगे जाळू नका, बांधीतच राहू द्या. शेजारच्या बांधीत हा मित्रकीटक नसेल, तर रोवणीनंतर दहा दिवसांनी दर दहा चौरस मीटरला असा एक पोंगा टाकावा.

करायचे आणि टाळायचे

रोवणी गावाने शक्यतो एकाच वेळी आणि लवकर उरकावी. उशिराच्या कोवळ्या पिकात गंगईला मेजवानी मिळते. धुऱ्यावरचे गवत आणि जंगली धान (छत्तीसगडकडे करगा) काढा, कारण रोवणीआधी किडीची पहिली पिढी तिथेच वाढते. युरिया एकदम न टाकता विभागून द्या.

प्रतिकारक वाण हा सर्वांत स्वस्त उपाय. रायपूरच्या कृषी विद्यापीठाचे महामाया हे आपल्या ओळखीचे उदाहरण. पण भारतात या किडीचे सात जैवप्रकार नोंदले आहेत. एका जिल्ह्यात टिकलेले वाण दुसऱ्या जिल्ह्यात पडू शकते, म्हणून बडगावच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा सीमेपलीकडे साकोली, सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रांत चौकशी करून बियाणे ठरवा. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला बालाघाटचा चिन्नोर चवीसाठी लावला जातो, किडीसाठी वाण बदलता येत नाही. तिथे साप्ताहिक पाहणीच खरी राखण.

पातळी ओलांडली आणि चिरलेल्या पोंग्यांत जिवंत अळ्याच जास्त असल्या, तरच फिप्रोनिल ०.३ टक्के दाणेदार औषध एकरी सात ते दहा किलो, बांधीत थोडे पाणी ठेवून टाका. पुढचे तीन-चार दिवस पाणी बाहेर सोडू नका. मासे सोडलेल्या बोडीत ते पाणी जाता कामा नये. संध्याकाळी उडणाऱ्या माश्यांवर फवारा मारू नका. त्यात मरतात त्या कोळी, चतुर आणि ती काळी गांधीलमाशी.

बुरशीमाशीची शंका भाजीच्या रोपवाटिकेत आली, तर कच्च्या बटाट्याची चकती ओल्या मातीवर दाबून ठेवा आणि तीन-चार दिवसांनी उलटून पाहा. काळ्या डोक्याच्या अळ्या गोळा झालेल्या दिसतील. उपाय म्हणजे पाणी कमी करणे, वरची माती सुकू देणे, अर्धकच्चे शेणखत न वापरणे आणि मातीलगत पिवळे चिकट सापळे लावणे. तणसावर धिंगरी अळिंबी घेणाऱ्यांनी तणस नीट निर्जंतुक करावे, खिडकीला बारीक जाळी लावावी आणि जुने बेड खोलीपासून दूर नेऊन टाकावेत.

धान कापणीला येईल तेव्हा उतेऱ्यात जवस पडेल आणि त्याच्या कळ्यांवर या घराण्यातली दुसरी गादमाशी येईल. जवस लवकर पेरला तर ही माशी बरीचशी चुकते. तेव्हाही नावावर जाऊ नका. न उमललेली कळी उघडून पाहा, आत नारिंगी अळी आहे का ते आधी बघा.