पहिला कॅमेरा : पैसे बॉडीत की लेन्समध्ये?

प्रश्न : बारसं, मुंज असे घरचे कार्यक्रम टिपायला पहिला डीएसएलआर घ्यायचाय. बजेट बेताचं आहे. काय घेऊ? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सगळे पैसे बॉडीवर घालू नका. निकॉन डी५६०० सारखी वापरलेली बॉडी चालेल. शटर किती वेळा उडालंय, ते मात्र विचारा. सोबतची १८-५५ किट लेन्स घरभरच्या फोटोंना पुरते. दुसरी घ्या ५० एमएम एफ/१.८. किट लेन्स ५५ एमएमला एफ/५.६ वर अडते. तिच्यापेक्षा ही जवळपास दहापट उजेड आत घेते. पण डी५६०० च्या छोट्या सेन्सरवर ती ७५ एमएमसारखी वागते, त्यामुळे पाळण्यातलं बाळ छान येईल, पाळण्याभोवतीच्या सगळ्या आत्या मावणार नाहीत. स्वस्त म्हणून जुनी ‘एएफ-डी’ घेऊ नका. तिच्यात फोकसची मोटर नसते आणि डी५६०० मध्येही नाही, हातानं फोकस करत बसाल. ‘एएफ-एस’च मागा.

फ्लॅश डोकं वळणारा हवा. तो पांढऱ्या छताकडे वळवला की उजेड मऊ होऊन खाली उतरतो. घर कौलारू असेल, तर पांढरी भिंत गाठा.