यंदा राब पेटवण्याआधी

पेण-रोह्यात उन्हाळा तापला की राब भाजायची लगबग सुरू होते. कवळ, पेंढा, पालापाचोळा, शेण यांचे थर रचून रोपवाटिकेची जागा भाजतात. तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, रोप जोमानं उठतं. या पद्धतीत तथ्य आहे, म्हणून ती टिकली. पण धुरासोबत नत्र आणि सेंद्रिय कर्ब उडून जातो, आणि कोकणच्या पावसात धुपणाऱ्या आपल्या जमिनीला नेमकी त्याचीच चणचण आहे. निदान निम्मं कवळ आणि सगळं शेण यंदा खताच्या खड्ड्यात जाऊ द्या. रोपांसाठी गादीवाफे करा आणि त्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळा.

बियाण्यासाठी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवा. तरंगणारं पोकळ बी काढून टाका, तळाचं दोनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत सुकवा आणि पेरण्याआधी 10 किलोला 250 ग्रॅम अझोटोबॅक्टर चोळा.

खरा फरक पडतो तो बांधावरच्या गिरिपुष्पानं. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातशेतीतलं हे एक सूत्र. लावणीच्या आठवडाभर आधी गुंठ्याला 30 किलो हिरवा पाला खाचरात पसरा, पानं गळली की काड्या उचला आणि चिखलणी करा. हेक्टरी हा पाला 3 टन होतो आणि त्यातून अंदाजे 20 किलो नत्र मिळतं. सुधारित भाताला शिफारस 100 किलोची आहे. म्हणजे पाल्याला चांगल्या कुजलेल्या शेणखताची जोड हवीच, आणि शेणखतातलं नत्रही पहिल्या हंगामात थोडंच हाती लागतं. म्हणून सगळ्या शेतीचं रासायनिक खत एका वर्षात बंद करू नका. पहिले दोन-तीन हंगाम उतारा घटू शकतो. एका खाचरापासून सुरुवात करा, बाकीच्या खाचरांत पाला वाढवत खत कमी करा.

पेणच्या खारेपाटात गोष्ट वेगळी. पहिल्या पावसाचं पाणी खाचरात साठवा, क्षार विरघळले की बाहेर काढा, मगच चिखलणी. जिथे लावणी उशिरा होते तिथे धैंचा पेरून गाडावा. तो क्षारही सोसतो आणि पाणीही. भात पनवेल 1, 2 किंवा 3 घ्या. मात्र बांधाला खांड पडून खाडीचं पाणी आत आलं, तर कोणतंही सेंद्रिय खत कामाला येत नाही. बांधाची डागडुजी आधी.

रोह्यात डोलवहाळच्या कालव्याखाली उन्हाळी भातही होतो, त्यामुळे जमीन वर्षातून दोनदा उपसली जाते. तिथे अधूनमधून एका हंगामाला वाल घ्या. झाड हलकेच उपटून मुळावरची गाठ नखानं फोडा: आतून गुलाबी असेल, तर ती हवेतलं नत्र बांधते आहे. शेंगा काढल्यावर झाडं उपटून नेऊ नका, तिथेच नांगरा.

जमीन सुधारते आहे का, हे घरीही पाहता येतं. वाळलेलं लहानसं ढेकूळ काचेच्या पेल्यातल्या पाण्यात अलगद सोडा. सेंद्रिय कर्ब असलेली माती आकार धरून राहते, निकस माती लगेच विरघळून पाणी गढूळ करते. तरीही मातीपरीक्षण करून घ्याच. खाचरात वेगवेगळ्या जागा निवडा आणि प्रत्येक जागी इंग्रजी व्ही आकाराचा, 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा घ्या. बांधाजवळची, झाडाखालची आणि राबाची जागा टाळा. माती एकत्र मिसळून अर्धा किलो नमुना द्या. नमुना शेणखत पसरण्याआधी काढायला हवा. नंतर काढलेल्या नमुन्यात खताचं मोजमाप येतं, जमिनीचं नाही.